कंटेनरला पडवी जोडताना

जहाजावरून माल नेणारा वीस फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो. जागा पुरती दीडशे चौरस फूटही भरत नाही. आपत्तीनंतरच्या निवाऱ्यांसाठी जगभर ‘स्फिअर’चे निकष वापरतात. त्यात स्वयंपाक आणि न्हाणीघर सोडून माणशी किमान साडेतीन चौरस मीटर जागा धरलेली आहे. त्या हिशेबानं एका कंटेनरात जेमतेम चार माणसं मावतात. मी हे आकडे घेऊन पहिल्या बैठकीला गेले होते, आणि तिथे कळलं की कोकणातल्या घराचा हिशेब एवढ्यावर होत नाही.

मी आर्किटेक्ट आहे, चिपळूणची. आमच्याकडच्या डोंगरउतारावरच्या एका छोट्या वाडीच्या वर पावसाळ्यात जमिनीला भेग गेली. दोन घरांच्या भिंती सरकल्या. माणसं वाचली, पण परत वर जायला कुणी तयार नव्हतं. तळियेवर दरड कोसळली २२ जुलै २०२१ ला, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री. या तारखा इथे शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. शाळेच्या वर्गांत माणसं किती काळ काढणार? एका संस्थेनं वाडीला तात्पुरती घरं द्यायचं ठरवलं आणि आराखडा माझ्याकडे आला.

तात्पुरती म्हणजे किती, हे मी आधी स्वतःशी पक्कं केलं. इर्शाळवाडीतली वाचलेली कुटुंबं चौक गावाजवळच्या कंटेनरांत वर्षाहून जास्त काळ राहिली. जमीन शोधणं, तिचे कागद, मंजुरी, बांधकाम यांतून पक्कं घर एका पावसाळ्यात उभं राहत नाही. म्हणून निदान दोन-तीन पावसाळे आणि मधले दोन वैशाख धरूनच मी कागदावर रेघ ओढली.

आपल्याकडे दोन वेगळ्या वस्तूंना कंटेनर म्हणतात. एक म्हणजे पफ पॅनेलची, दोन पत्र्यांमधे फोम भरलेल्या तक्त्यांची केबिन. ती हलकी, आतून गार आणि लवकर तयार होणारी. दुसरा खरा मालवाहू डबा. त्याचं गंज सहज न धरणारं कॉर्टेन पोलाद, चार कोपऱ्यांचे खांब आणि मधे दीड-दोन मिलिमीटरचा नागमोडी पत्रा. आम्ही दुसरा घेतला, कारण जागा उघड्या सड्यावर, कातळाच्या पठारावर होती आणि वाऱ्याची भीती होती. चाळीस फुटी हाय क्यूब डबा आतून फूटभर जास्त उंच असतो. तोच मिळाला असता तर मला हवा होता. पण चाळीस फुटी ट्रेलर आमच्या वाडीरस्त्याच्या वळणांवर वळत नाही. कोकणात हा प्रश्न सगळ्यात आधी विचारावा: ट्रेलर कुठपर्यंत येतो, आणि त्याच्यामागून डबा उतरवणारी हायड्रा क्रेन येऊ शकते का.

जुने डबे उरणच्या यार्डात बघितले. तिथे एक साधी परीक्षा असते. आत उभं राहायचं, दारं बाहेरून बंद करून घ्यायची आणि अंधारात छताकडे बघायचं. जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाऊस येणार. नंतर वास घ्यायचा. जमिनीला २८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड असतं आणि त्याला बहुतेक वेळा कीटकनाशक पाजलेलं असतं. दारावरच्या पाटीवर त्या औषधाची नोंद असते. शिवाय आधी त्यात कुठला माल गेला, तेही विचारावं लागतं. ज्या जमिनीवर तान्हं बाळ रांगणार आहे तिथे हे चालवून घेता येत नाही. वास येणारे डबे आम्ही सरळ सोडून दिले. घेतलेल्यांचं प्लायवूड सील करून त्यावर सिमेंट बोर्ड टाकला आणि त्यावर विनाइल चिकटवलं.

आता त्या बैठकीबद्दल. शाळेच्या व्हरांड्यात मी नकाशा पसरला. खाट इथे, ओटा इथे, खिडकी अशी, असं सांगत होते. एका आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “बाय, गणपती कुठं बसवायचा?” मी कोपऱ्यात बोट ठेवलं. त्या म्हणाल्या, “आनि मुंबयवाली आली म्हंजे निजायची कुठं?”

सरकारी यादीत त्यांच्या घरात तीन माणसं होती. गणपतीत आणि शिमग्यात तीच नऊ होतात. एरवीही आमच्याकडची माणसं आत राहतातच कुठे? पाहुणा पडवीत बसतो, भात पडवीत पाखडतात, म्हातारी माणसं दुपारी तिथेच आडवी होतात. मागीलदारी चूल, तिच्यावर तापणारं पाणी, बाजूला लाकडांची रास. पावसाळ्यात कपड्यांची वलण हवी आणि आगोठीचे, म्हणजे पावसाळ्यासाठी भरून ठेवलेले तांदूळ, मीठ, सुकट ठेवायला कोरडी जागा हवी. यातलं काहीही साडेतीन चौरस मीटरच्या गणितात येत नाही. त्या संध्याकाळी मी आतली खाट हलवण्याचा नाद सोडला आणि डब्याच्या बाहेरचा भाग काढायला घेतला.

जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर ओनागावा गावात आर्किटेक्ट शिगेरू बान यांनी कंटेनरांची तीन मजल्यांपर्यंत तात्पुरती घरं उभी केली. डबे बुद्धिबळाच्या पटासारखे रचले, एक डबा, एक मोकळी जागा. तिथे सपाट जमीन कमी होती म्हणून ते वर गेले. आम्हाला वर जायचं नव्हतं, पण ती मोकळी जागा मी उचलली. दोन डबे समोरासमोर, मधे दहा फूट, आणि सगळ्यावर एकच दुपाखी छप्पर. मधली जागा दोन कुटुंबांची, पुढे पडवी, मागे चुलीचा आडोसा. कुणाच्या समोर कोण, हे वाडीनं ठरवलं. गावकीची बैठक त्याच्यावरच सगळ्यात लांबली, आणि लांबायलाच हवी होती. संस्थेला चिठ्ठ्या टाकायच्या होत्या. त्याला मी ठाम नकार दिला. घर गेलेल्या माणसाला निदान शेजार निवडता यावा.

वरचं छप्पर ही माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. उघडा पोलादी डबा वैशाखात तापतो आणि आत थांबवत नाही. त्याच्यावर दीड फुटाची हवा सोडून रंगीत पत्र्याचं दुसरं छप्पर टाकलं की ऊन डब्यापर्यंत पोचत नाही आणि मधून वारा वाहतो. इन्सुलेशनही मी आतून न लावता डब्याच्या टपावर अंथरलं. उष्ण भागात छताची उंची २.६ मीटर असावी असं निकष सांगतात आणि आपल्याकडे मुळात २.३९ आहे. त्यातलं आणखी वीतभर देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. फक्त पश्चिमेच्या भिंतीला आतून उष्णता अडवणारं रॉकवूल आणि सिमेंट बोर्ड लावला. पावसाळ्यात थंड पोलादावर आतल्या दमट हवेचं पाणी धरतं आणि अंथरुणं ओली होतात, म्हणून दोन्ही लांब भिंतींना टपाखाली जाळीचे झरोके ठेवले, ते कायम उघडे राहतील असे. नैर्ऋत्येची झड आत येऊ नये म्हणून त्या बाजूला छप्पर चार फूट पुढे काढलं. बाकीची झड अडवायला लोकांनी मे अखेरीस झावळ्यांची आपली झापं बांधली. ते मी नकाशात दाखवलं नव्हतं, दाखवायची गरजही नव्हती.

आवाजाचं मात्र वेगळं होतं. पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज आपण सहन करतो. पण ज्यांनी डोंगर सरकताना ऐकलाय, त्यांना त्या आवाजात बाकी काही ऐकू येत नाही याचीच भीती वाटते. एका काकांनी मला स्पष्ट सांगितलं, “बाहेरचं कानावर आलं पायजे, आनि पळायला दोन वाटा पायजेत.” म्हणून प्रत्येक डब्याला दोन दारं केली, एक पुढीलदारी, एक मागीलदारी, दोन्ही बाहेर उघडणारी. मालाची मूळची मोठी दारं बाहेरूनच अडकतात. ती एकदाची वेल्ड करून बंद केली. आत माणूस असताना बाहेरून कडी लागेल अशी गोष्ट मला त्या घरात नको होती.

डबा कापण्याचं काम खेर्डीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका फॅब्रिकेटरनं केलं. कंटेनरचा सगळा भार चार कोपऱ्यांतून खाली जातो. नागमोडी भिंत त्याला वाकू देत नाही. तिला भोक पाडलं की तेवढी ताकद गेली. म्हणून दार-खिडकीच्या प्रत्येक तोंडाभोवती चौकोनी पाइपाची चौकट वेल्ड केली, आणि प्रत्येक वेल्डवर जस्ताचा प्रायमर मारला. खाऱ्या हवेत गंज आधी वेल्डलाच लागतो.

आता वारा. निसर्ग वादळानं ३ जून २०२० ला ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं श्रीवर्धन, दापोलीची छपरं उचलली होती. लोखंडी डबा कुठे हलतोय, असं सगळे म्हणत होते. मी हिशेब मांडून दाखवला. रिकाम्या वीस फुटी डब्याचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास. त्याच्या लांब बाजूवर ताशी १२० किलोमीटरचा वारा साधारण सव्वा टनाचा रेटा देतो, म्हणजे नुसता ठेवलेला डबा घसरू शकतो. ताशी १६० च्या आसपास हा रेटा डब्याच्या वजनाइतका होतो आणि तो कलंडायच्या बेताला येतो. वर छप्पर जोडलं की उचलणारा जोर त्यात आणखी मिळतो. म्हणून जांभ्या चिऱ्याचे चार चौथरे बांधले, जमिनीपासून दोन फूट वर. प्रत्येकाच्या माथ्यावर काँक्रीट, त्यात खोल पुरलेले अँकर बोल्ट आणि त्यांना कोपऱ्याची प्लेट. छपराचे खांब मी डब्यावर न टेकवता स्वतंत्र पायावर उभे केले. वाऱ्यानं पत्रा गेलाच तर तो डब्याला सोबत ओढणार नाही.

विजेबद्दल थोडक्यात, पण कृपा करून हे कुणी टाळू नका. आपण माणसांना पोलादाच्या डब्यात झोपवतोय. एक सोललेली वायर भिंतीला टेकली तर सगळं घर करंट मारतं. प्रत्येक डब्याला दोन ठिकाणी अर्थिंग, आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारा ब्रेकर. या ब्रेकरचा खर्च वाचवावा अशी सूचना एकदा आली. मी ती ओळ अंदाजपत्रकातून काढू दिली नाही.

पुढच्या गणपतीत मी तिकडे गेले. आजींनी मूर्ती आतल्या कोपऱ्यात न बसवता दोन डब्यांच्या मधल्या जागेत बसवली होती, दोन्ही घरांचा मिळून एक. मुंबईची माणसं पडवीत ओळीनं निजली होती. मागीलदारी चुलीच्या आडोशाला लोकांनी आपणहून पत्रा वाढवून घेतला होता. तेवढी लांबी मी पुढच्या नकाशात आता कायमची धरली आहे.

आता दुसऱ्या एका दरडप्रवण वाडीसाठी असंच काम सुरू आहे. तिथल्या अंदाजपत्रकात वरचं छप्पर आणि पडवी ‘इतर सुविधा’ म्हणून शेवटी टाकली होती. पैसे कमी पडले की कात्री तिथेच लागते. मी त्या दोन्ही ओळी डब्याच्या किमतीतच धरायला लावल्या आहेत, छप्पर, पडवी आणि चार अँकर यांच्यासह एक नग अशी. आपल्या गावासाठी कुणी असा प्रस्ताव करत असेल तर त्यांनी पहिल्या दिवशी एवढं नक्की लिहून घ्यावं. आणि दर मे महिन्यात बोल्ट कोण आवळणार, त्याचं नावही.