बहर भरघोस, पण फळ धरेना

चंदगड तालुक्यातील एका शेतकऱ्याने सुपारीच्या सावलीत लावलेल्या रोबस्टा कॉफीला लागोपाठ दोन हंगाम भरघोस फुले आली, पण फळधारणा जवळजवळ झालीच नाही. फुले उमलण्यासाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये लागणारे पाणी आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी द्यायचे दुसरे पाणी, ही दोन्ही पाणी त्यांनी वळवाच्या भरवशावर न राहता तुषार संचाने वेळेवर दिली होती. बोरॉनची फवारणी केली होती, मधमाश्यांच्या पेट्याही ठेवल्या होत्या. कोल्हापुरात बसून सल्ला देण्यासारखे काही उरलेच नव्हते, म्हणून ऑगस्टच्या भर पावसात मी बाग पाहायला गेलो.

फांद्यांची पेरे रिकामी होती. कुठे एखादे हिरवे फळ दिसे, एवढेच. मात्र विहिरीजवळची चार झाडे पेरापेरांवर फळांनी गच्च लगडली होती, आणि त्यांच्या शेजारच्या ओळीतही फळे बरी होती. पुढच्या प्रत्येक ओळीगणिक ती विरळ होत गेली. मी विचारले, "काका, ही चार झाडं कुठली?" ते म्हणाले, "ती बियाची हायती. बाकी समदी कलमं, एकाच आईझाडाची. लई पिकणारं झाड हाय म्हणून नर्सरीवाल्यानं दिली."

उलगडा तिथेच झाला. अरेबिका ही कॉफीची दुसरी जात स्वतःच्याच परागावर फळ धरते, रोबस्टा धरत नाही: तिचा पराग त्याच झाडाच्या फुलावर पडला, तर परागनलिका बीजांडापर्यंत पोहोचतच नाही. एका मातृवृक्षाची सगळी कलमे आनुवंशिकदृष्ट्या एकच झाड असल्यामुळे मधमाश्या कितीही फिरल्या, तरी त्या बागेत परका पराग येणार होता तो फक्त त्या चार झाडांकडून. "म्हंजे पपईगत नर झाडं लावायची व्हय?" काकांनी विचारले. मी सांगितले की प्रत्येक फूल पूर्णच आहे, म्हणजे त्यात नर-मादी दोन्ही भाग आहेत; त्याला फक्त वेगळ्या वंशाचा शेजार हवा.

एवढी निगुतीने जोपासलेली बाग उपटण्याचे कारण नव्हते. काही ओळींतील झाडे खुंटापर्यंत छाटून, फुटव्यांवर दुसऱ्या मातृवृक्षांच्या काड्यांचे कलम करायचे आणि मेलेल्या झाडांच्या जागी एस. २७४ या रोबस्टाच्या वाणाची बियांपासून तयार केलेली रोपे लावायची, असे आम्ही ठरवले. छाटलेल्या ओळींचे उत्पन्न दोन-तीन वर्षे बुडेल, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितले. रोबस्टाची कलमे विकणाऱ्याने प्रत्येक रोपावर मातृवृक्षाची चिठ्ठी लावावी आणि निदान तीन-चार वंश मिसळूनच द्यावेत, असा आग्रह मी तेव्हापासून धरतो आहे.