पहिल्या सत्रात कमी शिकवण्याबद्दल

पुण्यातल्या आमच्या महाविद्यालयात प्रथम वर्ष संगणकशास्त्राच्या पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम नव्याने आखण्याचे काम यंदा माझ्याकडे आले आहे. दोन क्रेडिटची थिअरी म्हणजे ३० तासिका. तेवढ्यात बायनरीपासून पॉइंटरपर्यंत सारे बसवण्याचा आग्रह आपण सोडावा, असे माझे ठाम मत आहे.

जुन्नरकडून आलेल्या, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या एका मुलीच्या कच्च्या वहीत मी प्रोग्रॅममधली ‘क्ष = क्ष + १’ ही ओळ पाहिली. तिने दोन्ही बाजूंचे क्ष काटून खाली ‘० = १, उकल नाही’ असे लिहिले होते. गणित म्हणून ते अचूकच होते. प्रोग्रॅममध्ये मात्र बरोबरचे चिन्ह समानता सांगत नाही, तर उजवीकडची किंमत काढून ती डावीकडच्या नावाखाली ठेवायला सांगते, हे तिला आम्ही कोणी समजावलेच नव्हते; तिच्या जर्नलमध्ये मात्र तोवर आठ प्रोग्रॅम सुवाच्य अक्षरात उतरले होते आणि प्रत्येकाखाली माझी सही होती.

म्हणून पहिले तीन आठवडे संगणक सुरूच करायचा नाही, असे मी आराखड्यात लिहिले आहे. फळ्यावर पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम लिहायचा, प्रत्येक चलासाठी एक रकाना आखायचा आणि एकेका ओळीनंतर कोणाची किंमत बदलली ते पेन्सिलीने नोंदवायचे. लूप, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणे, खऱ्या अर्थाने कळतो तो या रकान्यांत.

भाषा पायथॉन ठेवली आहे. सी मला आजही प्रिय आहे, पण मेमरीचा पत्ता म्हणजे काय हे ठाऊक होण्याआधीच ‘स्कॅनएफ’मध्ये (किंमत वाचून घेण्याच्या आज्ञेत) चलाचा पत्ता सांगणारे अँपरसँड (&) लिहायला लावणे मला पटत नाही; सी दुसऱ्या सत्रात येईल.

अल्गोरिदमसाठी वर्गाचा हजेरीपट पुरतो. वर्णानुक्रमे लावलेल्या ६० नावांत मधले नाव पाहून अर्धा पट बाजूला टाकत गेले, तर हवे ते नाव जास्तीत जास्त सहा तुलनांत सापडते. विस्कळीत पट निवड पद्धतीने, म्हणजे उरलेल्यांतले वर्णानुक्रमे पहिले नाव दर वेळी शोधून पुढे ठेवत, क्रमात लावायला मात्र १,७७० तुलना लागतात, आणि नावे ६०० झाली की १,७९,७००. हे आकडे मुलांनी स्वतः काढावेत, यासाठी चार तासिका राखल्या आहेत.

जर्नलचे गुण काढून तोंडी परीक्षेला दिले आहेत: अनोळखी प्रोग्रॅम हातात द्यायचा आणि तो ओळीओळीने समजावून घ्यायचा. प्रत्येकी आठ मिनिटे धरल्यास ६० जणांना आठ तास लागतात, आणि ते तीन बॅचमध्ये नीट बसतात.