न दमणारा ट्रेसर

तक्रार एका ओळीची होती: तोफ फुसकी आहे, दारू वाढवा.

तोफ म्हणजे एमके १०८. दुसऱ्या महायुद्धातली ३० मिलिमीटरची जर्मन तोफ. आमच्या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे विमान उडवायच्या संगणकी खेळात, ती बीएफ १०९ के-४ या जर्मन लढाऊ विमानाच्या नाकात बसते आणि प्रोपेलरच्या आसातून गोळे झाडते. आमचा गट या सिम्युलेटरसाठी जुनी विमानं आणि त्यांची शस्त्रं तयार करतो. त्यातल्या शस्त्रांच्या फाइली माझ्याकडे असतात. साध्या मजकुराच्या फाइली आहेत, कुठल्याही एडिटरमध्ये उघडतात. एका ओळीत गोळ्याचं वजन, दुसरीत तोंडाचा वेग, म्हणजे नळीतून सुटतानाचा वेग, मग हवेचा अवरोध, स्फोटकाचं वजन, फ्यूजचा विलंब. आकडा बदला, सेव्ह करा, उडवून बघा. काम इतकं सोपं दिसतं की आकडे कसे बदलायचे हे सांगायला प्रत्येक जण तयार असतो.

आणि तोफेला काहीही म्हणा, फुसकी म्हणू नका. तिचा गोळा साधारण ३३० ग्रॅमचा. त्याचं कवच मुद्दाम पातळ पोलादाचं, म्हणजे आत जास्तीत जास्त स्फोटक मावावं. मिश्रणानुसार ७० ते ८५ ग्रॅम. अवजड बॉम्बर पाडायला सरासरी चार गोळे पुरतात, असा जर्मनांचा अंदाज होता. २० मिलिमीटरच्या तोफेला त्याच कामासाठी वीसेक लागायचे. एमके १०८चं दुखणं वेगळं आहे. नळी आखूड, त्यामुळे तोंडाचा वेग सेकंदाला जेमतेम ५४० मीटर. मिनिटाला ६५० या गतीने के-४मधले ६५ गोळे सहा सेकंदांत संपतात. थोडक्यात, लागला तर खेळ खलास, पण लागायला हवा.

त्या दिवशी संध्याकाळी नवी आवृत्ती बाहेर पडायची होती. सकाळीच गटाच्या चर्चेत कुणीतरी ठराव टाकला की स्फोटक ८५वरून १२० ग्रॅम करावं, वाद मिटेल. चार-पाच जणांनी अंगठे वर केले. दादांनी मला फोन केला. दादा म्हणजे आमच्या गटातले थोरले, अंतिम शब्द त्यांचा.

"अगं, करून टाक ना. लोक खूश होतील."

"दादा, १२० ग्रॅम केलं की बॉम्बर एका गोळ्यात फुटेल. मग बॉम्बर उडवणारे ओरडतील. शिवाय १२० ग्रॅम स्फोटक त्या गोळ्यात मावत नाही, फाइलमध्ये काय वाट्टेल ते मावतं."

"मग संध्याकाळपर्यंत कारण शोध. नाही सापडलं तर १२०."

मी सगळ्या तक्रारी एकत्र काढल्या आणि पाडायला न जमलेलं विमान कोणतं, एवढंच प्रत्येकीत बघत गेले. तक्रार करणाऱ्यांत बॉम्बरच्या मागे लागणारे जवळपास नव्हतेच. सगळे लढाऊ विमानांशी झुंजणारे, त्यातही खाली, जमिनीलगत वळणं घेत लढणारे. आता दारू खरंच कमी असती तर पहिली बोंब बॉम्बरवाल्यांची आली असती. चार इंजिनांचं धूड पाडायला जास्त दारू लागते, एका इंजिनाच्या लढाऊ विमानाला एक गोळा पुरतो. म्हणजे गोळे लागून काही होत नाही असं नव्हतं, गोळे लागतच नव्हते.

पण हे तोंडावर सांगायची सोय नव्हती. "तुमचा नेम चुकतोय" हे वाक्य फ्लाइट सिम्युलेटरच्या माणसाला सांगून बघा. शिवाय आमच्या टेस्टरने रेकॉर्डिंग पाठवलं होतं. पोरगा नेमबाजीत पटाईत आहे आणि उगाच रडणाऱ्यातला नाही.

"ताई, हे बघा. चौकटीचौकटीने पुढे न्या. ट्रेसर कॉकपिटमधून आरपार जातोय आणि समोरच्याला साधा ओरखडा नाही."

मी चौकटीचौकटीने पुढे नेलं. त्याचं म्हणणं खरं होतं. ट्रेसर म्हणजे जळत जाणारा, डोळ्यांना दिसणारा गोळा. त्याचा पिवळा ठिपका छतातून घुसून पलीकडे निघाला आणि समोरचं विमान मजेत वळत राहिलं. त्याच रेकॉर्डिंगमध्ये पुढे अगदी शेपटीमागून झाडलेला एकच गोळा लागला आणि पंख मुळापासून सुटला. एकच तोफ, काडतुसांचा एकच पट्टा, समोर तेच विमान.

नेटवर्कचा उशीर असेल म्हणून तोच प्रसंग त्याच्याकडून ऑफलाइन करवून घेतला. तिथेही तेच. समोरच्या विमानाच्या धडकेच्या चौकटी, म्हणजे गोळा लागला की नाही हे ठरवणाऱ्या सीमा, चुकल्या असतील म्हणून त्याच विमानावर दुसऱ्या जर्मन लढाऊ विमानाची २० मिलिमीटरची तोफ झाडली. ट्रेसर जिथे दिसला तिथेच भोक पडलं. म्हणजे लक्ष्यात खोट नव्हती.

मग मी पट्ट्याकडे वळले. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेकांना वाटतं की फाइलमध्ये तोफेचा एकच गोळा असतो. तसं नसतं. खऱ्या पट्ट्यात निरनिराळी काडतुसं ओळीने गुंफलेली असतात आणि बऱ्या सिम्युलेटरमध्येही तसंच असतं. आमच्या पट्ट्यात बहुतेक गोळे साधे, काहीही न दिसणारे. अधूनमधून एक ट्रेसर, ज्याच्या बुडाशी जळणारा मसाला असतो. ट्रेसरचा फाइलमध्ये स्वतंत्र उतारा असतो: त्याचं वेगळं वजन, वेगळा वेग, वेगळा अवरोध. वैमानिकाला दिसतो फक्त ट्रेसर, नेम सुधारतो तो त्याच्याकडे बघून, आणि आमच्या सिम्युलेटरमध्ये नुकसान करायचं काम करतात न दिसणारे गोळे. दोघांचे मार्ग जुळत नसतील तर ट्रेसर सरळ सरळ खोटं बोलतो. प्रत्यक्षातही हे दोन मार्ग तंतोतंत जुळत नसतच, पण फरक थोडा असायचा.

चाचणी साधी ठेवली. विमान धावपट्टीवर उभं, ब्रेक लावलेले. विमानाचा स्वतःचा वेग गोळ्याच्या वेगात मिसळतो, तो घोळ नको होता. पट्टे दोन, एकात फक्त साधे गोळे, दुसऱ्यात फक्त ट्रेसर. लॉग चालू करून ठरावीक अंतरावर प्रत्येक गोळ्याचा वेग लिहून घ्यायला लावला.

साधा गोळा शहाण्यासारखा वागला. तोंडाशी ५४०, पाचशे मीटरवर ४१५च्या आसपास, पुढे आणखी कमी. बोथट, हलका, पोकळ गोळा हवेत असाच दमतो.

ट्रेसर: तोंडाशी ५४०. पाचशे मीटरवर ५४०. हजार मीटरवर ५४०.

तो दमतच नव्हता. गुरुत्वाकर्षणाने खाली येत होता, पण त्याच्यासाठी हवा अस्तित्वातच नव्हती.

फाइल उघडली. ट्रेसरच्या उताऱ्यात अवरोधाची ओळ होती, समोर आकडाही बरोबर होता. पण ओळीच्या नावात शेवटच्या दोन अक्षरांची अदलाबदल झालेली. डोळा वाचताना ती आपोआप दुरुस्त करून घेतो, त्यामुळे इतके महिने कुणालाच ती दिसली नाही. सिम्युलेटरचं इंजिन, म्हणजे या फाइली वाचणारा मूळ प्रोग्राम, अनोळखी नाव दिसलं की तक्रार करत नाही, ओळ गुपचूप ओलांडून पुढे जातं आणि जी किंमत मिळाली नाही तिच्या जागी स्वतःची ठरलेली किंमत धरतं. अवरोधाची ठरलेली किंमत शून्य. ज्या कुणी हा नियम केला त्याला माझा दंडवत. न समजलेल्या ओळीवर अडून बसणारं इंजिन कटकटीचं असतं, पण ते निदान सांगतं तरी.

कारण मिळालं, पण हिशेब जुळतोय का ते बघायचं होतं. आधी मी गोळा किती खाली पडतो ते मोजलं आणि निराश झाले. पाचशे मीटरवर दोघांच्या उंचीत मीटरभराचाच फरक येत होता. मीटरभराने कॉकपिट चुकेल, पण विमान चुकणार नाही, पंख किंवा पोट कुठेतरी सापडेलच. मग वेळ बघितली. पाचशे मीटर कापायला ट्रेसरला ०.९३ सेकंद आणि खऱ्या गोळ्याला १.०६ सेकंद. फरक ०.१३ सेकंद. कागदावर नगण्य. पण समोरचं विमान आडवं जात असेल आणि त्याचा वेग सेकंदाला १५० मीटर असेल, तर तेवढ्यात ते २० मीटर पुढे सरकतं. लढाऊ विमानाची लांबी नऊ-दहा मीटर. म्हणजे ट्रेसर कॉकपिटमधून जातो तेव्हा त्याच्या सोबतचा खरा गोळा शेपटीच्याही मागून, रिकाम्या हवेतून जातो.

आता सगळं जागेवर बसलं. बॉम्बरवाले बहुधा मागून येतात. लक्ष्य आडवं सरकत नाही, गोळा उशिरा पोहोचला तरी पोहोचतो, आणि मीटरभर खाली पडला तरी एवढ्या धुडाला कुठेतरी लागतोच. वळणावळणाची झुंज खेळणाऱ्याला मात्र प्रत्येक वेळी आडवं लक्ष्य. आणि सगळी बोंब खालच्या उंचीवरून का? सहा हजार मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहून थोडीच जास्त असते. तिथे खरा गोळाही कमी दमतो, त्यामुळे दोघांतलं अंतर जवळपास निम्म्यावर येतं. नेमबाज त्यातून कसाबसा निभावून नेतो.

स्फोटक १२० ग्रॅम केलं असतं तर यातलं काहीच बदललं नसतं. मागून मारणाऱ्यांना फुकटची चैन, आणि आडवा नेम धरणारे होते तिथेच, फक्त चुकलेले गोळे जास्त दारूचे.

दोन अक्षरं जागेवर आणली. अवरोधाचा आकडा साध्या गोळ्याचा तसाच उचलला नाही. ट्रेसरचा मसाला जळताना गोळ्याच्या बुडामागे वायू सोडतो, त्यामुळे मागून ओढणारी पोकळी थोडी भरते आणि अवरोध किंचित घटतो. शिवाय मसाला जळेल तसं वजन कमी होतं. आमच्या इंजिनला उडता उडता वजन कमी करता येत नाही, तेव्हा दोन्हींचा मेळ घालून आकडा साध्या गोळ्याच्या जरासा खाली ठेवला. हा आकडा तंतोतंत आहे असा माझा दावा नाही, पण शून्यापेक्षा खूपच बरा. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग तपासलं. काही एडिटर फाइलच्या सुरुवातीला न दिसणारी खूण टाकतात, मग आमचं इंजिन पहिला उताराच वाचत नाही आणि विमान तोफेशिवाय उडतं.

टेस्टरला नवी फाइल पाठवली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला.

"ताई, ट्रेसर सुस्त झालेत. असे तरंगत जातात."

"अरे, ते तसेच जाणार. आता लक्ष्याच्या बरंच पुढे मार. ट्रेसर नाकासमोरून गेला तरी चालेल, पण मागून नको."

तासाभराने त्याचं दुसरं रेकॉर्डिंग आलं. आडवं लक्ष्य, लांबून, आणि पहिल्याच झोडीत शेपूट वेगळं. खाली एवढंच लिहिलेलं: "कळलं."

दादांना सांगितलं, १२० रद्द. ते म्हणाले, "दोन अक्षरं? एवढ्यासाठी अख्खा दिवस?" मग स्वतःच हसले आणि पुढच्या गोष्टीवर आले, जी जास्त कटकटीची होती. मल्टिप्लेअर सर्व्हर प्रत्येक खेळाडूच्या शस्त्रांच्या फाइली ताडून बघतो. एकाची जरी वेगळी निघाली तरी त्याला आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे, नाहीतर प्रत्येकाने आपापल्या घरी १२० ग्रॅम केले असते. त्यामुळे दुरुस्ती सर्व्हरवर आणि खेळाडूंकडे एकाच वेळी जायला हवी होती. आवृत्ती रात्रीवर ढकलली.

त्या मधल्या वेळात मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: सगळ्या फाइलींतल्या ओळींची नावं काढायची आणि इंजिनला ठाऊक असलेल्या यादीशी ताडायची. मेलेल्या ओळी बऱ्याच निघाल्या. बहुतेक निरुपद्रवी होत्या, रंगाच्या, धुराच्या. एक मात्र आर४एम रॉकेटच्या फाइलमध्ये होती. हे ५५ मिलिमीटरचं रॉकेट, मेसरश्मिट २६२ या जेट विमानाच्या पंखांखाली चोवीस लागायची. तिथेही अवरोधाचीच ओळ, तीच अदलाबदल, बहुधा एकाच उताऱ्याची नक्कल फिरलेली.

हात लगेच दुरुस्तीकडे गेला, पण आधी रॉकेट उडवून बघितलं. त्याचा पल्ला आणि वेळ दोन्ही जवळपास बरोबर येत होते. हवेचा अवरोध शून्य असूनही बरोबर! मग मोटरच्या ओळी बघितल्या. थ्रस्ट, म्हणजे मोटरचा रेटा, हिशेबापेक्षा चांगलाच कमी होता. कुणीतरी पूर्वी रॉकेट फार लांब जातंय हे पाहिलं असणार, कारण न शोधता थ्रस्ट उतरवत नेला असणार आणि पल्ला जुळल्यावर थांबला असणार. दोन चुका एकमेकींना धरून उभ्या होत्या. आता नुसतं नाव दुरुस्त केलं तर रॉकेट लक्ष्याच्या अलीकडेच पडणार. नीट करायचं तर थ्रस्ट, जळण्याची वेळ, फैलाव, सगळं पहिल्यापासून मांडावं लागणार, आणि आवृत्ती तर दारात उभी होती.

"मोडलेलं आहे, पण चालतंय," मी दादांना सांगितलं.

"मग आज त्याला हात लावू नकोस. पण लिहून ठेव, नाहीतर उद्या कुणीतरी शुद्धलेखन तपासायला बसेल."

चुकीच्या ओळीच्या डोक्यावर मी टिप्पणी लिहिली: हे नाव चुकीचं आहे, माहीत आहे, एकटं दुरुस्त करू नका, आधी खालचा थ्रस्ट बघा. आवृत्ती गेली. दुसऱ्या दिवशी पहिली तक्रार आली की के-४ची तोफ आता फार अवघड झाली आहे, वेग वाढवा.