भटजी वारले आणि माझं अ‍ॅडमिशन अडकलं

कम्युनिटी कॉलेजातला बालसंगोपनाचा कोर्स कसा आहे, असं आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या दोघी-तिघींनी विचारलं. कोर्स झकास आहे. फी झेपण्यासारखी, आणि आमच्याकडे दहावी पास एवढीच अट होती. पण लग्न झालंय आणि लग्नाची नोंदणी केलेली नाही, असं असेल तर कोर्सचं मागाहून बघा. आधी ती नोंदणी उरका.

माझ्या दहावीच्या मार्कलिस्टवर माहेरचं नाव, आधारवर आणि बँकेत सासरचं. कागद तपासणाऱ्यानं दोन्ही शेजारी-शेजारी ठेवले आणि विचारलं, "ही दोन्ही नावं एकाच बाईची कशावरून?" मी समोर उभी! म्हटलं, "दादा, मीच की ती." तसं चालत नाही म्हणे. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणा, नाहीतर गॅझेट, म्हणजे नाव बदलल्याची सरकारी राजपत्रातली नोंद. माझ्यामागं ड्राफ्टिंगच्या कोर्सला आलेला उद्यमनगरातला एक पोरगा होता, फौंड्रीत कामाला. त्याचे कागद दोन मिनिटांत पास. पुरुषाचं नाव बारशापासून एकच, त्याला कोण कशाला विचारतंय!

प्रमाणपत्र पुढं पासपोर्टलाही उपयोगी पडेल म्हणून गॅझेटऐवजी नोंदणीच करायचं ठरवलं. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली ही नोंदणी होते. नमुना 'ड' भरायचा. लग्नपत्रिका, फोटो, राहण्याचे पुरावे, तीन साक्षीदार, सगळं जमवलं. साक्षीदारांना एकदमच घेऊन जा, नाहीतर एक आला की दुसरा शेतावर, असं होतं. सगळे रकाने भरले. राहिला एक. लग्न लावणाऱ्या पुरोहिताची सही.

"भटजी वारले," मी म्हटलं.

"मग सही?"

"साहेब, वारले म्हटलं ना."

"रकाना मोकळा ठेवता येत नाही, मावशी. त्यांच्या मृत्यूचा दाखला आणा."

मावशी म्हटल्याचा राग वेगळाच. पण मी कोण लागते त्या भटजींची, की मला त्यांचा दाखला मिळावा? अक्षता पडल्या, दक्षिणा दिली, संबंध संपला. ते नरसोबाच्या वाडीचे, एवढंच सासूबाईंना आठवत होतं. ह्यांनी चार फोन फिरवून त्यांच्या मुलाचा पत्ता काढला. आम्ही दारात उभं राहताच तो म्हणाला, "नोंदणीचं काम का? या वहिनी, बसा." कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली. आत वडिलांच्या दाखल्याच्या झेरॉक्सचा गठ्ठा! बापानं लग्नं लावलेली माणसं अजून येतात म्हणे, म्हणून करूनच ठेवल्यात. पैसे घेतले नाहीत. आम्ही येताना कवठाची बर्फी घेतली आणि अर्धी त्याच्याच घरी देऊन आलो.

दाखला घेऊन गेले, तर खुर्चीत दुसरेच साहेब. त्यांनी कागद उलटापालटा केला. "हा कशाला? पुरोहित हयात नाहीत असं तुम्ही दोघं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या." दिलं. पुढच्या खेपेला पहिले साहेब परत आलेले, त्यांना दाखलाच हवा. सुदैवानं दोन्ही पिशवीत होतं. मग सर्व्हर डाऊन. मग सही करणारे मीटिंगला. मधल्या काळात कॉलेजातून फोन, "मॅडम, सीट किती दिवस धरून ठेवायची?"

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा आहे. कुठली सेवा किती दिवसांत द्यायची, कोणी द्यायची, नाही दिली तर अपील कोणाकडं, हे कार्यालयात फलकावर लावावं लागतं. त्या कार्यालयातही फलक होता, कपाटामागं. मी कपाटाला गाल टेकवून तो वाचला आणि अपील अधिकाऱ्याचं पद वहीत उतरवून घेतलं. आवाज चढवला नाही, फक्त सगळ्यांना दिसेल असं उतरवून घेतलं. संध्याकाळी फोन आला, प्रमाणपत्र घेऊन जा. हे मी आता सगळ्यांना सांगते आणि सांगताना मला फार बरं वाटतं, खोटं कशाला बोलू! अर्ज दिल्याची पोच मात्र पहिल्याच दिवशी मागून घ्या, तिच्याशिवाय दिवस मोजायचे कुठून?

कोर्सबद्दल विचारलं होतं, नाही का. पहिल्याच महिन्यात मुलाच्या दंडाचा घेर मोजायला शिकवलं, मूल कुपोषित आहे का ते त्यावरून कळतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी कागदासारखी पातळ रंगीत पट्टी असते. घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेला तर लाल, १२.५ च्या आत पिवळा, पुढं हिरवा. पट्टी घट्ट ओढायची नाही, कातडीला नुसती टेकवायची. ऐकायला सोपं, पण मूल हात आखडून घेतं आणि आकडा बदलतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला सुरू केलेलं काम शिकलो. मुलं बालवाडीत येत नसतील तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, हे त्यांचं.

नाट्यवाले शेजारच्या खोलीत. शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेलं केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं, त्याबद्दल त्यांचे सर बोलायला लागले की वर्ग गप्प होतो. एरवी भिंतीपलीकडून सारखी आरडाओरड. त्यांच्यातल्या एकीनं आम्हाला मोज्याची बाहुली बोलती करायला शिकवलं. आता रडणारं पोर दंड पुढं करतं ते त्या बाहुलीसाठी.

हो, आणि कोर्सच्या फॉर्मवर नाव मार्कलिस्टप्रमाणेच लिहा. सासरचं लिहिलंत की नोकरीच्या वेळी तोच प्रश्न पुन्हा. नोंदणीच्या प्रमाणपत्राला लॅमिनेशन करू नका, आणि पुरोहित हयात असतील तर याच आठवड्यात सही घेऊन या.