आईच्या नावाने

मंगळवार, रात्र

आज आईच्या डॉक्टरांना मेसेज पाठवला, तोही आईच्या नावाने. 'मला दोन दिवसांपासून चक्कर येतेय.' हॉस्पिटलच्या ॲपवरचं खातं तिचं, पासवर्ड तिचा, ओटीपी तिच्या फोनवरून बघून मीच टाकला. तासाभरात उत्तर आलं: बसल्या जागीही येते, की उठून उभं राहिल्यावरच? मी 'उभं राहिल्यावर' लिहायला घेतलं आणि थांबले. मला माहीतच नव्हतं. आई शेजारच्या खोलीत होती, आणि तिच्या दुखण्याचं उत्तर मी अंदाजाने देत होते.

जाऊन विचारलं. "उठतानाच येते, सकाळी जास्त," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण हे तू कुणाला कळवते आहेस?"

तिला ५ मिनिटं शांत बसवून रक्तदाब मोजला: १३२/७८. उभी राहिल्यावर तिसऱ्या मिनिटाला १०८/७०. उभं राहिल्यावर ३ मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर त्याकडे दुर्लक्ष करायचं नसतं, रक्तदाबाच्या गोळ्यांनीही असं होऊ शकतं. आकडे पाठवले आणि खाली लिहिलं, 'हे मी, तिची मुलगी, लिहितेय.' संध्याकाळी डॉक्टरांनी आईलाच फोन केला आणि एका गोळीचा डोस कमी केला.

माझ्या अंदाजावर तो डोस ठरला असता तर? रात्रभर हेच डोक्यात आहे.

गुरुवार

आईबरोबर बसून माझं वेगळं लॉगिन मागितलं, तिच्या खात्याला जोडलेलं. आता लिहिणारं कोण हे डॉक्टरांना दिसेल, आणि मला काय दिसावं हे आई ठरवेल. तिला वाटलं तर तिला ते बंदही करता येईल. इतके दिवस ही सोय असूनही मी पासवर्डच वापरत राहिले, कारण ते पटकन व्हायचं.

अपॉइंटमेंट, औषधं, तपासण्यांचे रिपोर्ट यांवर तिने खूण केली. डॉक्टरांशी होणाऱ्या मेसेजांवर केली नाही. "ते मी लिहीन."

मला लागलं, हे खरं. पण गेल्या महिन्याची ती रात्र आठवली. एचबीए१सी ७.८, लाल अक्षरांत. अकरा वाजता मी तो एकटीने उघडला आणि सकाळपर्यंत जागी राहिले. तो आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो, रात्रीत काही बिघडणार नव्हतं. सकाळी मी काही बोलायच्या आधीच माझा चेहरा बघून आईने विचारलं, "काय आलंय माझं?" स्वतःच्या रक्ताची बातमी तिला माझ्या चेहऱ्यावरून कळावी, हे मला आजही सहन होत नाही.

औषधांची यादीही आज दोघींनी मिळून तपासली. बंद झालेली एक गोळी तिथे अजून 'चालू' दिसत होती. मी ती यादी कितीदा पाहिली असेन, पण चूक आईने पकडली.

शनिवार

आईने पहिला मेसेज स्वतः लिहिला. वीस मिनिटं लागली. मी दुसऱ्या खोलीत बसून होते, तिने हाक मारली नाही.

रात्री पावणेअकराला माझ्या फोनवर सूचना आली: नवा रिपोर्ट तयार आहे. आई झोपली आहे. फोन पालथा ठेवलाय. सकाळी दोघी मिळून उघडू.