फ्लोरोकार्बन: पूर्ण रीळ नको, पुढचा दीड मीटर पुरे

‘पाण्यात दिसतच नाही’ असं सांगून दुकानदार गळाने मासे धरायला जो महागडा तंगूस (पारदर्शक दोरा) हातात देतो, तो फ्लोरोकार्बन. दिसतो तो, कमी दिसतो, इतकंच. पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) १.३३, याचा १.४२ आणि नायलॉनचा साधारण १.५३. म्हणजे हा पाण्याच्या जास्त जवळचा. पण हा फायदा नितळ पाण्यात. आषाढ-श्रावणात तापी आणि पांझरा गढूळ वाहत असताना माशाला सुतळीसुद्धा दिसणार नाही. तेव्हा साधा नायलॉन लावा आणि पैसे वाचवा. दिवाळीनंतर गाळ खाली बसला, डोह निवळले, की याचा विचार करायचा.

आपल्याकडे याचा खरा उपयोग वेगळाच आहे: काळा खडक. नदीपात्रातल्या खडकाच्या धारेवर नायलॉन लवकर सोलतो. हा जास्त कडक, त्यामुळे घासणं जास्त वेळ सोसतो. शिवाय नायलॉन पाणी पितो आणि ओला झाला की त्याची ताकद काहीशी उतरते. हा पाणी पीत नाही. उन्हानेही लवकर खराब होत नाही.

मग पूर्ण रीळच का भरू नये? कारण तोच कडकपणा. रिळावर बसला की वेटोळी धरतो आणि स्पिनिंग रिळावरून स्प्रिंगसारखा उसळून गुंता करतो. भरायचाच असेल तर ८ पौंडांच्या (तुटेपर्यंत सोसणारा ताण) वर जाऊ नका, भरताना ओल्या फडक्यातून ताण द्या आणि रिळाच्या कडेपासून ३ मिलीमीटर जागा सोडा. पण त्यापेक्षा मुख्य दोरा विणलेला, म्हणजे ब्रेड, आणि पुढे एक ते दीड मीटर फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे गळाकडचा तुकडा, ही जोडी उत्तम. २५ किंवा ५० मीटरचं लीडरचं बंडल घ्या, हंगामभर पुरतं. अपवाद एकच: पाणवेलीत रबरी बेडकाचं आमिष वरून ओढून मरळ धरायची असेल तर लीडर नकोच. फ्लोरोकार्बन बुडतो आणि बेडकाचं तोंड खाली ओढतो. तिथे जाड ब्रेड थेट बेडकाला बांधा.

बंडलावरच्या पौंडांपेक्षा जाडी बघा. पौंड प्रत्येक कंपनी आपापल्या हिशोबाने छापते. जपानी नंबर जाडीचा असतो: २ नंबर ०.२३५ मिलीमीटर, ३ नंबर ०.२८५, ४ नंबर ०.३३, ५ नंबर ०.३७. १ नंबर ०.१६५, म्हणजे नंबर चौपट झाला की जाडी दुप्पट. चिलापीला २ नंबर पुरतो, रोहू-कटल्याला ३ किंवा ४, आणि खडकात दडणाऱ्या दांडग्या माशाला ५.

आता फसवणुकीबद्दल. नायलॉनवर नुसता फ्लोरोकार्बनचा मुलामा दिलेला दोराही बाजारात असतो आणि लेबलावर मुख्य शब्द मोठ्या अक्षरात तोच असतो. ओळखायची युक्ती बाजरी पेरणाऱ्याला नवी नाही. अरगट रोगाचे दाणे तरंगून वेगळे व्हावेत म्हणून बियाणं दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ घालून त्यात टाकतो, तसंच. फक्त इथे पाणी त्याहून खारट लागतं: पाव लिटर पाण्यात ९० ग्रॅम मीठ, जवळपास विरघळेनासं होईपर्यंत. दोऱ्याचे दोन सेंटिमीटरचे तुकडे टाका, बोटाने पूर्ण बुडवा, चिकटलेले बुडबुडे झटका. नायलॉनची घनता १.१४, या पाण्याची १.२ च्या आसपास, म्हणून तो वर येतो. खऱ्या फ्लोरोकार्बनची १.७८, तो सरळ तळाशी जातो. पातळ मुलाम्याचा दोरा वर तरंगतो. साध्या पाण्यात ही परीक्षा घेऊ नका, तिथे दोन्ही बुडतात.

बहुतेक लोकांचा लीडर तुटतो तो गाठीत, आणि दोष दोऱ्याला देतात. फ्लोरोकार्बन कोरडा ओढला की घासून तापतो, वरची साल भाजते. गाठीजवळचा दोरा पांढुरका किंवा कुरळा दिसला तर गाठ जळाली समजा. कापा, पुन्हा बांधा. दर वेळी थुंकीने किंवा पाण्याने ओली करून सावकाश आवळायची, झटका द्यायचा नाही. गळाला पालोमार गाठ चांगली, पण दुहेरी दोरा एकमेकांवर चढू देऊ नका. क्लिंच गाठ करणार असाल तर पाच वेढे. ४ नंबरच्या वर चारच. जास्त वेढे घातले की जाड दोऱ्याची गाठ नीट बसत नाही. ब्रेडला जोडायला डबल युनी गाठ: ब्रेडकडून आठ वेढे, लीडरकडून चार-पाच. गाठ जाड झाली तर ती काठीच्या टोकाच्या कडीत अडकून फेक मरते. मग लीडर ६० ते ९० सेंटिमीटरच ठेवा, म्हणजे फेकताना गाठ काठीच्या बाहेर राहील. ड्रॅग, म्हणजे ज्या ताणाला रीळ दोरा सोडू लागतं तो, दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते तिसरा हिस्सा ठेवा: १२ पौंड म्हणजे साधारण ५.४ किलो, तर दीड किलो. ताणकाट्यावर एकदा ओढून बघितलेलं बरं, हाताचा अंदाज दगा देतो.

देखभाल फार नाही, पण टाळू नये. दर माशानंतर आणि दर अडकण्यानंतर शेवटचा मीटरभर तपासा. कापसाचं बोंड कुठेही मिळतं: त्यातला कापूस चिमटीत धरून दोरा त्यातून ओढा. जिथे चरा असेल तिथे तंतू अडकतात. त्या जागेच्या वर ३० सेंटिमीटर कापून टाका. गळ खडकात अडकला आणि जोर लावून सोडवला असेल तर चरा नसला तरी तो भाग टाकाच. हा दोरा एकदा प्रमाणाबाहेर ताणला गेला की पूर्ववत होत नाही. पुढच्या माशाला तिथेच तुटतो. सोडवताना काठीने ओढू नका, ब्रेड हाताला फडक्यावरून गुंडाळा, नाहीतर बोट चिरेल.

मे महिन्यात भुसावळच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत बंडल ठेवलं तर दोरा लगेच कुजत नाही, पण वेटोळी पक्की बसतात. घरात कपाटात ठेवा, टोक रबर लावून बंद करा. वेटोळी पडलीच असतील तर लीडर कोमट पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवून दोन्ही हातांनी हळू ताणून धरा. उकळतं पाणी नको.

कापलेले तुकडे काठावर टाकू नका. हतनूरच्या जलाशयावर पक्षी उतरतात आणि त्यांच्या पायात हे वेढे बसतात. शेकोटीत तर अजिबात नको, कारण हा दोरा जळताना हायड्रोजन फ्लोराइड सोडतो आणि तो धूर छातीला घातक. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत कोंबा, झाकण लावा, घरी न्या.