गाडीचं ईएससी कायमचं बंद करायला निघालो होतो, माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात मी ठरवलंच होतं की गाडीचं ईएससी, म्हणजे घसरणाऱ्या गाडीला आपोआप एखाद्या चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा, कायमचं काढून टाकायचं. कारणं दोन होती. आमचं गाव श्रीवर्धन तालुक्यात, डांबरी रस्ता सोडला की वाडीपर्यंत तीनेकशे मीटरचा कच्चा चढ आहे, उन्हाळ्यात काही वाटत नाही पण जून लागला की तिथे लाल मातीचा नुसता लगदा. पुढची चाकं जरा जागेवर फिरली की डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचा पिवळा लाईट लुकलुकायचा आणि मी रेस कितीही दाबली तरी इंजिनचा दम जायचा, गाडी चढाच्या मधोमध उभी.

दुसरं कारण जास्त त्रासाचं होतं. मे महिन्यात पुढच्या सस्पेन्शनचं काम करून अलाइनमेंट करून घेतली, आणि तेव्हापासून कोरड्या चांगल्या रस्त्यावर, अगदी साध्या डाव्या वळणाला पण तोच लाईट लागायला लागला, कुठल्यातरी एका चाकाला आपोआप कर्रर्र करून ब्रेक लागायचा आणि स्टेअरिंग हातात असून गाडी बाजूला ओढली जायची. मुळशीच्या पुढे एकदा असं झालं तेव्हा वडील शेजारी बसलेले, समोरून ट्रक येत होता. त्या दिवशी घरी पोचल्यावर म्हटलं, बास, हे बंदच करायचं.

आधी बटण. माझ्या गाडीत ते एकदा दाबलं की फक्त ट्रॅक्शन कंट्रोल जातं, म्हणजे इंजिनचा दम काढणं थांबतं. चार-पाच सेकंद दाबून धरलं तर ईएससी पण बंद होतं. पण ५० च्या वर स्पीड गेला की ते स्वतःहून परत चालू होतं आणि गाडी बंद करून चालू केली तरी चालूच होतं. बऱ्याच गाड्यांना असंच ठेवलेलं असतं. माझा मुख्य त्रास हायवेला होता त्यामुळे बटणाने काही भागेना.

मग ओळखीच्या मेकॅनिककडे गेलो. तो म्हणाला, "दादा, ईएससीचा वेगळा फ्यूज नसतो तुमच्या गाडीत. एबीएसचा जो मॉड्यूल आहे तोच सगळं करतो. त्याचा फ्यूज काढू का?" एबीएस म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक, म्हणजे जाम, होऊ न देणारी यंत्रणा. मी काढा म्हटलं. त्याने बिचाऱ्याने दोनदा विचारलं होतं हे मला नंतर आठवलं.

फ्यूज काढल्यावर डॅशबोर्डवर दिवाळी. एबीएसचा लाईट, ईएससीचा लाईट, ब्रेकचा लाल लाईट, आणि स्पीडोमीटर शून्यावर, कारण चाकांचा स्पीड त्याच मॉड्यूलकडून मीटरला जातो. चढावर गाडी मागे न जाऊ देणारं हिल होल्ड पण गेलं. पण ते ओढणं थांबलं ना, मी त्यातच खूश. दोन दिवस पुण्यात चालवली, काही जाणवलं नाही. सिग्नल ते सिग्नल चालवताना जाणवणार तरी काय.

शनिवारी ताम्हिणीतून निघालो, पाऊस मुसळधार, विळ्याच्या बाजूला उतरताना एका वळणावर धबधबा बघायला लोकांनी गाड्या रस्त्यातच उभ्या केलेल्या. मी फार वेगात नव्हतो, चाळीसच्या आसपास असेन, तेही अंदाजाने कारण मीटर बंद. ब्रेक मारला आणि गाडीची मागची बाजू सुटली. पुढचं नाही, मागचं. मागची चाकं आधी लॉक झाली आणि गाडी आडवी व्हायला लागली, दरीच्या बाजूचा कठडा मला माझ्या खिडकीतून दिसला. कसाबसा ब्रेक सोडला, गाडी सरळ झाली, परत हळूहळू ब्रेक मारत थांबलो. कुणाला लागलं नाही. हात इतके थरथरत होते की पाच मिनिटं किल्ली फिरवता आली नाही. तिथून माणगावपर्यंत वीस-तीसने गेलो.

त्या रात्री गावी बसून हे सगळं नीट वाचून काढलं, जे आधी करायला हवं होतं. आताच्या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या चाकांना ब्रेक किती वाटून द्यायचा हे पण तोच मॉड्यूल ठरवतो, त्याला ईबीडी म्हणतात. ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, त्यांना ब्रेक कमी द्यावा लागतो. मी फ्यूज काढून ईएससी, एबीएस आणि ही वाटणी असं तिन्ही एकदम काढलं होतं. कायद्याचं पण तेव्हाच कळलं, कंपनीने दिलेल्या गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मोटार वाहन कायद्याच्या १८२अ कलमात मालकाला एका बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि अपघात झाला असता तर इन्शुरन्सवाल्यांना काय सांगणार होतो मी?

ईएससी काम कसं करतं ते पण तेव्हा डोक्यात शिरलं. चार चाकांचे स्पीड सेन्सर, स्टेअरिंग किती वळवलंय त्याचा सेन्सर, आणि गाडी स्वतःभोवती खरंच किती वळतेय ते मोजणारा यॉ सेन्सर. ड्रायव्हरला कुठे जायचंय आणि गाडी कुठे चाललीय हे ते सेकंदाला कितीतरी वेळा ताडून बघतं आणि फरक दिसला की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी ओळीवर आणतं. बॉश आणि मर्सिडीजने १९९५ मध्ये एस क्लासला हे आणलं, १९९७ मध्ये स्वीडनमध्ये टेस्ट करताना त्यांचीच छोटी ए क्लास उलटली आणि मग त्यांनी त्या गाडीला ते सरसकट बसवलं. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप, म्हणजे गाड्यांची टेस्ट करून सुरक्षेचे स्टार देणं, सुरू झालं त्यात पण तीन किंवा जास्त स्टार हवे असतील तर ईएससी लागतंच.

हे वाचताना एक गोष्ट लक्षात आली. माझी गाडी सरळ चाललेली असताना ईएससीला ती वळतेय असं वाटत असेल तर? त्रास अलाइनमेंटनंतरच सुरू झाला होता. सोमवारी पुण्यात एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो, त्याने आधी फ्यूज बसवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधलं वाचणारा स्कॅनर लावला आणि गाडी सरळ चालवत लाईव्ह डेटा बघितला. स्टेअरिंग अगदी सरळ आणि सेन्सर सांगतोय आठ अंश वळलंय. अलाइनमेंटवाल्याने टाय रॉड, म्हणजे स्टेअरिंगला चाकांशी जोडणारे दांडे, फिरवून चाकं आणि स्टेअरिंग सरळ करून दिलं होतं पण सेन्सरचा शून्य नव्याने सेट केलाच नव्हता. टायर चारही एकाच साईझचे आहेत का, हवा सारखी आहे का तेही त्याने बघून घेतलं.

काम पंधरा मिनिटांचं. गाडी सपाट जमिनीवर, चाकं सरळ, गाडीत कुणी हलायचं नाही, स्कॅनरवरून शून्य सेट, यॉ सेन्सरचा पण शून्य, इग्निशन बंद-चालू, मग स्टेअरिंग पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे, जुने एरर कोड पुसले आणि एक चक्कर. आठशे रुपये घेतले. मुळशीच्या पुढच्या त्याच वळणावरून त्यानंतर कितीतरी वेळा गेलोय, लाईट लागलेला नाही.

चिखलाचा चढ राहिला. तिथे बटण पुरतं. चढाच्या खाली थांबून एकदाच दाबतो, लांब नाही, दुसरा गिअर, रेस एकसारखी, मधे थांबायचं नाही. वर खळ्यात पोचलो की परत चालू करतो, विसरलो तरी ५० ला होतंच. गणपतीच्या आधी वाडीतल्या आम्ही चौघांनी मिळून चाकोऱ्यांत जांभ्याचे तुकडे टाकले, त्याने बटणाचं कामही निम्म्यावर आलं.

आता अलाइनमेंट करायला गेलो की आधीच सांगतो, स्टेअरिंग अँगल सेन्सर स्कॅनरवर दाखवा आणि शून्य करून द्या, आणि तसं बिलावर लिहून घेतो. काही ठिकाणी म्हणतात "त्याची गरज नसते साहेब", मग मी तिथे गाडी देत नाही.